एजिलॉप्सची ओंबी ओळखताना कुसळं शेवटी बघा

मे-जून उजाडला की माझ्या फोनवर ओंब्यांचे फोटो यायला लागतात. पाठवणारे बहुतेक आपलेच विद्यार्थी. कुणी अमेरिकेत कॅन्ससमध्ये गव्हाच्या पैदाशीवर पीएचडी करतंय, कुणी तुर्कस्तानात नमुने गोळा करायला गेलंय, कुणी इथे बसून बाहेरून आलेल्या बियाण्याच्या पाकिटांची छाननी करतंय. फोटो जवळजवळ एकच असतो. तळहातावर वाळकी ओंबी, कुसळं झकास फोकसमध्ये, बुडखा मात्र तोडून टाकलेला. खाली प्रश्नही नसतो, थेट उत्तरच असतं: ‘मॅडम, हे एजिलॉप्स टाउशी ना?’

कॅन्ससमधल्या गव्हाच्या बांधावरची ओंबी असेल, तर बहुतेक वेळा नसतं. ते एजिलॉप्स सिलिंड्रिका असतं. दोन्ही गव्हाची जवळची नातेवाईक, दोन्ही एकवर्षायू, दोन्हींची ओंबी लांबट आणि बारीक. पण टाउशीत गुणसूत्रं १४ आणि सिलिंड्रिकात २८. टाउशी समजून सिलिंड्रिकाचा पराग गव्हावर टाकलात तर पुढची दोन वर्षं कुठे गेली हे कळत नाही. चूक डोळ्यांची नसते, बघण्याच्या क्रमाची असते. कुसळं नजरेत भरतात म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात, आणि नेमकी तीच खूण सगळ्यात शेवटी बघायची असते.

एजिलॉप्सचा मुलूख म्हणजे भूमध्य समुद्राचा काठ, तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण, कॉकेशस आणि मध्य आशिया. ही गवतं महाराष्ट्रातली नव्हेत, म्हणून त्यांना मराठी नावंही नाहीत. लॅटिन नावांवरच भागवावं लागेल. वनस्पतिशास्त्रज्ञ व्हॅन स्लागेरेन यांच्या १९९४च्या वर्गीकरणात या प्रजातीत (जीनसमध्ये) २२ जाती आहेत. सगळ्या पाठ करायची गरज नाही. सात-आठ नीट ओळखता आल्या तर नेहमीचं काम निघतं.

आधी सहा शब्द

ओंबीच्या मधल्या काडीला मी दांडी म्हणेन. दांडीवर जिथे जिथे काहीतरी बसलेलं असतं तो सांधा, आणि दोन सांध्यांमधला तुकडा म्हणजे पेर. सांध्यावर बसलेला फुलांचा छोटा झुबका म्हणजे कणिशक. कणिशकाला बाहेरून दोन्ही अंगांनी कवेत घेणारी दोन जाड तुसं म्हणजे ग्लूम. त्यांच्या आत प्रत्येक फुलाचं स्वतःचं तूस असतं, ते लेमा. ग्लूम आणि लेमा यांत गल्लत झाली तर पुढचं सगळं चुकणार, म्हणून आत्ताच एखादी गव्हाची ओंबी घेऊन एक कणिशक सोलून बघा. बाहेरची दोन आधी निघतील. दाण्याला बिलगून असलेली नंतर.

## १. बाहेर पडण्याआधी

सामान थोडंच लागतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, टोकदार चिमटा, मिलिमीटरची पट्टी, पेन्सिल, कागदी पिशव्या, एक खुरपं, आणि पोस्टकार्डाएवढे दोन पुठ्ठे, एक पांढरा आणि एक काळा. पेन्सिलच घ्या. पेनची शाई दवानेही फुटते. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. अर्धओली ओंबी त्यांत दोन दिवसांत बुरसते.

सामानाइतकीच परवानगी महत्त्वाची. ज्या देशात गोळा करणार त्या देशाची लेखी परवानगी लागते, आणि बी भारतात आणायचं असेल तर आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही लागतात. संशोधनासाठीच्या बियाण्याचं हे काम दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमार्फत होतं.

> सावधान: ‘चारच तर दाणे आहेत’ म्हणून खिशात टाकून आणू नका. सिलिंड्रिका हे अमेरिकेच्या गहू-पट्ट्यातलं डोकेदुखीचं तण आहे आणि तिथे ते बाहेरूनच आलेलं आहे. परतीच्या प्रवासाआधी मोजे, बुटांच्या लेस आणि पॅंटची दुमड झटकून बघा. कुसळांवरचे बारीक काटे कापडात घुसतात ते निघत नाहीत.

## २. गोळा करणं

इथे दोन चुका होतात आणि दोन्ही घाईच्या. पहिली, फक्त ओंबी खुडणं. दुसरी, पूर्ण वाळलेल्या झाडावर जाणं.

ओंबी पिकली की ही गवतं ती आपणहून मोडून टाकतात. माणसाने पेरलेल्या गव्हात आणि त्यांच्यात मोठा फरक आहे तो हाच. तुम्ही आठवडाभर उशिरा गेलात तर हातात उघडी काडी येते आणि ओंबीचे तुकडे मातीत पडलेले असतात. म्हणून वेळ अशी साधा: काही ओंब्या हिरवट-पिवळ्या आहेत आणि एखाद्या ओंबीचा पहिला सांधा नुकताच सुटलाय. त्या दिवशी दोन्ही अवस्था एकाच ठिकाणी मिळतात.

मग पुढील क्रमाने चला.

१. खुरप्याने झाड मुळासकट काढा. बुडाशी आडवे धावणारे कोंब किंवा गेल्या वर्षीची कुजकी खोडं दिसली तर ते बहुवर्षायू गवत आहे, एजिलॉप्स नाही. तिथेच थांबा.

२. एकाच ठिकाणची किमान तीन झाडं घ्या, शक्यतो एकमेकांपासून काही पावलं लांबची. एका झाडावरून जात ठरवली की लहरी नमुना पदरात पडतो.

३. अख्खी पिकलेली ओंबी काडीच्या वितभर तुकड्यासह कागदी पिशवीत उभी ठेवा. पिशवीवर क्रमांक लगेच लिहा. ‘संध्याकाळी लिहीन’ असं म्हटलेला एकही क्रमांक मी बरोबर लिहिलेला नाही.

४. जमिनीवर गळलेले तुकडे वेगळ्या पिशवीत वेचा. कचरा वाटतो, पण पुढच्या चौथ्या पायरीत हाच कचरा सगळ्यात जास्त बोलतो.

फोटो काढणार असाल तर चार काढा: मुळासकट पूर्ण झाड, काडीसह पूर्ण ओंबी, ओंबीचा बुडखा जवळून, आणि शेंड्याचं व मधलं कणिशक शेजारीशेजारी. पिवळ्या ओंबीला काळा पुठ्ठा, हिरवीला पांढरा. प्रत्येकात पट्टी दिसू द्या.

## ३. हे एजिलॉप्सच आहे ना?

हा टप्पा बहुतेक जण उडी मारून ओलांडतात. रानटी सातू, राय (rye हे धान्य) आणि रानटी गहू तिन्हींना कुसळं असतात आणि तिन्ही त्याच माळावर उगवतात.

एका सांध्यावर किती कणिशकं बसली आहेत ते मोजा. तीन असतील तर सातूच्या कुळातलं गवत आहे. एजिलॉप्समध्ये एका सांध्यावर एकच कणिशक असतं.

मग ते कणिशक दांडीला कसं टेकलंय ते बघा. रुंद बाजूने टेकलेलं हवं. कडेने टेकलेलं असेल आणि शेंड्याचं सोडून बाकी कणिशकांना एकच ग्लूम सापडत असेल, तर ते लोलियम नावाचं दुसरंच गवत आहे. ग्लूम दाभणासारखे अरुंद असतील तर राय.

उरला गहू. इथे डोळ्यांपेक्षा नख बरं. ग्लूमच्या पाठीवरून आडवं नख फिरवा. गव्हाच्या ग्लूमला होडीच्या तळासारखी एक उभी धार असते आणि नख तिथे अडखळतं. एजिलॉप्सच्या ग्लूमची पाठ गोल किंवा सपाट असते, त्यावर शिरा खूप दिसतात, पण धार नसते. आपल्या नेहमीच्या गव्हात ही धार वरच्या भागातच ठळक असते, खपलीत मात्र पार बुडापासून. सांगली-साताऱ्याकडे किंवा बेळगावला कुणी खपली पेरणारं ओळखीचं असेल तर न झोडलेल्या दोन-चार ओंब्या मागून ठेवा. या टप्प्याच्या आणि पुढच्या टप्प्याच्या सरावाला त्याहून चांगलं काही नाही.

> तपासणी: एका सांध्यावर एकच कणिशक, ते रुंद बाजूने टेकलेलं, ग्लूम रुंद आणि बिनधारेचे, झाड एकवर्षायू. चारही ‘हो’ आलं तरच पुढे जा. तीन ‘हो’ आणि एक ‘बहुतेक’ आलं तर दुसरं झाड घेऊन पुन्हा बघा.

## ४. ओंबी मोडते कशी

सगळ्या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

पिकलेली ओंबी पांढऱ्या पुठ्ठ्यावर आडवी ठेवा आणि चिमट्याच्या बोथट बाजूने हलकेच दाबा. जोर लावायचा नाही. आपणहून सुटेल तिथेच सुटू द्या. न पिकलेली ओंबी बोटांनी मोडली तर ती कुठेही मोडते, आणि त्या तुकड्यावरून काढलेला निष्कर्ष कवडीमोलाचा असतो. सुटलेल्या जागेचा वण भिंगाखाली बघा. आपणहून सुटली असेल तर वण गुळगुळीत, बशीसारखा. ओरबाडलेला, तंतू निघालेला वण म्हणजे तुम्ही मोडलीत. खपलीची ओंबी झोडल्यावर नेमका असाच ओरबाडलेला वण दिसतो, कारण ती आपणहून सुटत नाही.

सुटलेला तुकडा उचला आणि एकच प्रश्न विचारा: या कणिशकाबरोबर दांडीचं कोणतं पेर आलंय?

खालचं पेर आलं असेल तर कणिशकाच्या बुडाशी निमुळती शेपटी लोंबते आणि सगळा तुकडा बाणाच्या टोकासारखा दिसतो. ही पाचरीची मोड. रानटी गहू असेच मोडतात. एजिलॉप्समध्ये स्पेल्टॉइड्सचा लिगुस्टिका हा प्रकारही असाच मोडतो.

वरचं पेर आलं असेल तर ते कणिशकाच्या पाठीला टेकून त्याच्या बरोबरीने वर गेलेलं दिसतं. खाली शेपटी नसते. तुकडा छोट्या पिंपासारखा बसका असतो, म्हणून ही पिंपाची मोड. टाउशी, सिलिंड्रिका, व्हेंट्रिकोसा आणि क्रासा या गटात येतात.

काहीच सुटलं नाही आणि अख्खी ओंबी बुडापासून गळली, तर ती छत्रीची मोड. गळलेली ओंबी कुसळं फाकवून जमिनीवर पडते. जेनिक्युलाटा, ट्राययुन्सियालिस, अंबेल्युलाटा, बाययुन्सियालिस आणि नेग्लेक्टा या इथल्या.

आता खाचखळगे.

सिलिंड्रिकाची ओंबी कधी आधी अख्खी गळते आणि सांधे नंतर सुटतात. घाईत बघणारा तिला छत्रीच्या गटात टाकून मोकळा होतो. म्हणूनच जमिनीवरचे तुकडे वेचायला सांगितलं होतं. त्यांत पिंपं सापडली की प्रश्न मिटतो.

दुसरा खळगा स्पेल्टॉइड्सचा. या जातीचे दोन प्रकार एकाच माळावर मिसळून उगवतात. एकाच्या सगळ्या कणिशकांना कुसळं असतात आणि ओंबी पाचरींमध्ये मोडते. दुसऱ्याच्या फक्त शेंड्याला कुसळं असतात आणि ओंबी अख्खी गळते. बघणाऱ्याला दोन जाती वाटतात, पण जात एकच आहे. तीन झाडं घ्या असं म्हटलं ते अशासाठीच.

तिसरा खळगा माझा स्वतःचा. एका ओंबीचं फक्त शेंड्याकडचं टोक सुटलं होतं आणि मी तो तुकडा उलटा धरून बघत होते. वरचं पेर मला खालचं वाटलं. पिंपाची पाचर झाली, एजिलॉप्सचा रानटी गहू झाला, आणि त्या नावाची चिठ्ठी हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या, पानावर चिकटलीसुद्धा. तेव्हापासून मी तुकडा हातात घेतला की आधी कुसळांची टोकं वर करते, मगच भिंग लावते.

> तपासणी: एकाच ओंबीचे निदान तीन तुकडे बघा, मधले. शेंड्याचं आणि बुडाचं कणिशक यासाठी वापरू नका, कारण शेंड्याला वरचं पेर नसतंच.

## ५. बुडखा

ओंबीच्या अगदी खाली, पहिल्या भरलेल्या कणिशकाच्याही खाली, काही जातींत मोहरीएवढी किंवा जरा लांबट, रिकामी, खुरटलेली कणिशकं असतात. ती मोजायची. फोटोत बुडखा तोडलेला असतो म्हणून मी इतकी चिडते ते याचसाठी.

टाउशीत ती बहुधा नसतात. सिलिंड्रिकात नसतात किंवा एक-दोन असतात. ट्राययुन्सियालिस आणि नेग्लेक्टात बहुधा तीन. जेनिक्युलाटात बहुधा एक. हे आकडे एकेका झाडात मागेपुढे होतात, त्यामुळे फक्त यांच्यावर जात ठरवू नका, पण चौथ्या पायरीचं उत्तर यांच्याशी जुळतंय का ते बघा.

छत्रीच्या गटातली ओंबी पिकल्यावर बहुधा या खुरट्या कणिशकांच्या वरूनच सुटते. म्हणजे गळलेल्या ओंबीत ती मिळतीलच असं नाही. काडीवर शोधा. वितभर काडी ठेवायला सांगितलं ते यासाठी.

## ६. आता कुसळं

आता कुसळांकडे वळायला हरकत नाही. पण कुसळ किती लांब, हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न: ते उगवलंय कुठून? चिमट्याने कुसळाचं टोक धरा आणि भिंगाखाली बुडापर्यंत खाली या. ते ग्लूमच्या शेंड्यातून निघालंय की आतल्या लेमाच्या?

टाउशी आणि सिलिंड्रिका इथे वेगळी होतात. टाउशीचा ग्लूम चौकोनी असतो, शेंडा कात्रीने आडवा कापल्यासारखा, त्याला कुसळ नाही. ओंबीच्या वरच्या भागात कुसळं दिसतात ती सगळी लेमाची. सिलिंड्रिकाच्या शेंड्याच्या कणिशकात मात्र ग्लूमलाच लांबलचक कुसळ फुटलेलं असतं. त्याच ओंबीच्या मधल्या कणिशकात ग्लूमला एक दात आणि फार तर एक छोटं कुसळ. म्हणजे शेंडा आणि मध्य यांत एवढा फरक की दोन वेगळ्या गवतांचे तुकडे वाटावेत. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून बघा, एकच बघून नाही.

सिलिंड्रिकाचं मधलं कणिशक पेरासकट इतकं घट्ट आणि गोल असतं की गव्हाच्या ढिगात ते वाळक्या काडीचा तुकडा समजून सोडून दिलं जातं. नखाने चिरलं की आत बहुधा दोन दाणे निघतात. बियाण्यातून ते पसरतं ते असं.

छत्रीच्या गटात ग्लूमवरची कुसळं मोजावी लागतात.

जेनिक्युलाटाची ओंबी आखूड आणि अंडाकृती, एक-दोन सेंटिमीटरची, भरलेली कणिशकं दोन-तीनच, आणि प्रत्येक ग्लूमला बहुधा चार-पाच जवळपास सारखी कुसळं. ट्राययुन्सियालिसची ओंबी त्याहून लांब. बाजूच्या कणिशकांच्या ग्लूमला दोन-तीन कुसळं, शेंड्याच्या ग्लूमला तीन, आणि त्यांतलं मधलं सगळ्यात लांब. नेग्लेक्टाची ओंबी मध्येच एकदम बारीक होते: खाली दोन फुगीर कणिशकं आणि वर सडपातळ, वांझ शेपूट. बाययुन्सियालिस या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी बसते आणि तिच्यावरून अनुभवी लोकही भांडतात. तिच्याबाबतीत घाई नको.

> सावधान: तुटलेली कुसळं मोजणीत धरायची की नाही? धरायची, पण त्यांचं बुड भिंगाखाली दिसलं तरच. पिशवीत घासून अर्धी कुसळं मोडतात आणि पाचाची तीन होतात.

## ७. जुळ्यांची जोडी

दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं.

टाउशीच्या स्ट्रॅंग्युलाटा या उपजातीची ओंबी मण्यांच्या माळेसारखी दिसते, कणिशकं फुगीर आणि मध्ये दांडी आवळलेली. व्हेंट्रिकोसाही तशीच मण्यांची. इथे ठिकाण मदतीला येतं. व्हेंट्रिकोसा भूमध्याच्या पश्चिमेकडची, स्पेन आणि उत्तर आफ्रिकेची. स्ट्रॅंग्युलाटा कॅस्पियनच्या आणि कॉकेशसच्या बाजूची. पाकिटावर देश लिहिलेला नसेल तर गुणसूत्रं मोजण्यावाचून पर्याय नाही, कारण व्हेंट्रिकोसात ती २८ आहेत. क्रासाची ओंबीही फुगीर असते, पण तिच्या ग्लूमवर मखमलीसारखी दाट लव असते. बोट फिरवलं की कळतं.

दुसरं जुळं म्हणजे संकर. सिलिंड्रिका आणि पिकाचा गहू एकाच शेतात असले की कधी कधी दोघांचा संकर उगवतो, कारण दोघांकडे टाउशीकडून आलेला डी हा गुणसूत्रसंच सामाईक आहे. ओंबी गव्हापेक्षा बारीक, सिलिंड्रिकापेक्षा जाड, आणि दाबून बघितली तर जवळजवळ पोकळ. दाणेच नाहीत, किंवा एखाददुसरा. असं झाड दिसलं की नवी जात सापडली म्हणून उड्या मारू नका. त्याची गुणसूत्रं मोजलीत तर ३५ भरतात: गव्हाच्या ४२च्या निम्मी आणि सिलिंड्रिकाच्या २८ची निम्मी. झाडाला वेगळा क्रमांक द्या आणि आजूबाजूला कोणता गहू होता तेही टिपा.

## ८. ओंबी यायच्या आधी

शेतात रोपं असतानाच ओळखायचं असेल तर खूण खाली, मातीत आहे. रोप हलक्या हाताने, ओढून नव्हे तर खुरप्याने सैल करून काढा आणि मुळाशी बघा. सिलिंड्रिकाचं रोप ज्या कणिशकातून उगवलं त्याचं कवच मुळांना लटकलेलं असतं, तोच पिंपाचा तुकडा. गव्हाच्या रोपाच्या बुडाशी नुसत्या दाण्याची साल असते. सिलिंड्रिकाच्या पानाच्या कडेला एका अंतराने उभे राहिलेले बारीक केसही बघा. पानाच्या बुडाशी खोडाला मिठी मारणारे दोन छोटे ‘कान’ सिलिंड्रिकातही असतात आणि गव्हातही, दोन्हीकडे केसाळ, त्यामुळे कानावरून या दोघांत निवाडा होत नाही. ओटला मात्र कानच नसतात.

रोप ओढून काढलं तर कवच मातीत राहतं. मग पुरावाच नाही.

## ९. शंका उरली तर पेरा, मग मोजा

पाकिटात आलेला नमुना तुटका असेल तर त्यातला दाणा पेरून पूर्ण ओंबी मिळवणं हा खात्रीचा मार्ग. त्यातही लोक ठरावीक ठिकाणी घसरतात.

दाणा तुसातून काढताना चाकू वापरू नका. भ्रूण खालच्या टोकाला असतो आणि पहिला घाव तिथेच बसतो. कणिशक रात्रभर ओल्या गाळणकागदात ठेवा, तुसं नरमतात, मग चिमट्याने शेंड्याकडून उलगडा. ट्राययुन्सियालिसच्या कणिशकात एक मोठा आणि एक छोटा दाणा मिळाला तर छोटा फेकू नका. छोटा बहुधा जास्त काळ सुप्त राहतो, मोठा आधी उगवतो. ही त्या गवताची पावसाच्या भरवशावर न राहण्याची सोय आहे.

रोप दोन-तीन पानांचं झालं की थंडी द्या: साधारण ४ अंश सेल्सिअस, सहा ते आठ आठवडे, मंद उजेडात. यांतली बरीच झाडं हिवाळी स्वभावाची असतात. पुण्या-नाशिकचा हिवाळा त्यांना पुरत नाही. थंडी न दिलेलं झाड गवताच्या गादीसारखं पसरत राहतं, ओंबी काढत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात वाळून जातं. ‘बी खराब होतं’ असा शेरा मारलेल्या अनेक कुंड्या खरं तर थंडीवाचून गेलेल्या असतात.

ओंबी बाहेर पडली की तिच्यावर कागदी पिशवी चढवून खालून सैल बांधा. ओंबी पिकायच्या आधीच पिशवी चढवायची.

गुणसूत्रं मोजायची असतील तर त्याच दाण्यांची मुळं १ ते २ सेंटिमीटरची झाल्यावर टोकं कापा, २४ तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग असेटिक आम्लाच्या मिश्रणात मुरवा आणि असिटोकार्मिनने रंगवून काचपट्टीवर दाबा. टाउशी आणि अंबेल्युलाटा १४. सिलिंड्रिका, जेनिक्युलाटा, ट्राययुन्सियालिस, बाययुन्सियालिस २८. नेग्लेक्टा आणि क्रासात २८ची आणि ४२ची अशी दोन्ही झाडं सापडतात, तेव्हा त्यांच्यात आकड्यावरून जात बदलू नका.

> तपासणी: निदान पाच पेशींत तोच आकडा आला का? एका पेशीत २७ दिसली तर बहुधा एक दुसऱ्याखाली लपलंय.

## १०. चिठ्ठी

नाव लिहिण्याआधी जुनी पाकिटं आणि जुनी पुस्तकं कोणती नावं वापरतात ते लक्षात घ्या. आज ज्याला टाउशी म्हणतो त्याला दीर्घ काळ ‘एजिलॉप्स स्क्वारोसा’ म्हणत. जेनिक्युलाटाची पाकिटं ‘ओवाटा’ नावाने फिरतात, नेग्लेक्टाची ‘ट्रायअरिस्टाटा’ नावाने. काही जण तर एजिलॉप्स ही वेगळी प्रजातीच मानत नाहीत आणि सगळ्यांना गव्हाच्या ट्रिटिकम या प्रजातीत घालतात. ‘स्क्वारोसा’ लिहिलेलं आणि ‘टाउशी’ लिहिलेलं पाकीट दोन जाती म्हणून कुंड्यांमध्ये शेजारीशेजारी लावलेलं मी एकदा नव्हे, तीनदा पाहिलंय.

म्हणून पाकिटावरचं नाव खोडू नका. ते तसंच ठेवा, खाली तुमचं नाव आणि तारीख लिहा, आणि कोणत्या खुणांवरून ठरवलं ते एका ओळीत: ‘पिंपाची मोड, बुडखा साफ, शेंड्याच्या ग्लूमला कुसळ नाही.’ पुढचा माणूस तुमच्याशी सहमत नसला तरी कुठे बोट ठेवायचं ते त्याला कळेल.

चिठ्ठीवर देश, जवळचं गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमीन आणि शेजारचं पीक लिहा. हिरवं झाड दाबून पानावर चिकटवा, पिकलेली ओंबी मात्र कधीच चिकटवू नका. ती कागदाच्या पुडीत घालून पानाच्या कोपऱ्यात लावा, नाहीतर सहा महिन्यांनी पानावर डिंकाचे ठिपके राहतात आणि तुकडे कपाटाच्या तळाशी जातात. जात ठरत नसेल तर ‘एजिलॉप्स, जात अनिश्चित’ एवढंच लिहा आणि पुडीत गळलेले तुकडेही टाका. मला फोटो पाठवायचा असेल तर बुडख्यासकट पाठवा.